वाटीभर दही आणि कुपोषित मूल

गणेशोत्सवाचा हिशेब पूर्ण झाल्यावर यंदा मंडळाकडे थोडी रक्कम शिल्लक राहिली. कार्यकारिणीच्या बैठकीत एका उत्साही सभासदाने सुचवले की या पैशांतून जवळच्या वस्तीतल्या अंगणवाडीतील मुलांना प्रोबायोटिक पेयाच्या छोट्या बाटल्या द्याव्यात. "त्याने आतडी सुधारतात, प्रतिकारशक्ती वाढते," असे ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका काकूंनी विचारले, "मग घरचं दही का नको?" त्यावर मात्र कोणाकडे उत्तर नव्हते. खजिनदार मीच असल्यामुळे हा प्रश्न माझ्या फायलीत येऊन पडला.

मी बी.कॉम. झालेला माणूस. जीवशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटला. पण बँकेत सदतीस वर्षे काढल्यावर एक सवय जडते. कोणी कितीही आत्मविश्वासाने सांगितले तरी कागद मागायचे आणि कागदावरची सही नीट बघायची. समाजातल्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी वाचायला काय शोधायचे ते सांगितले आणि माझ्या शंका न कंटाळता ऐकल्या. दोन महिन्यांत जे कळले ते पुढच्या बैठकीपूर्वी सर्वांसमोर यावे म्हणून हे लिहितो आहे.

आधी कुपोषणाविषयी. आपण इंदूरला राहतो, सराफ्यात रात्री बारा वाजता दहीवडे खातो, त्यामुळे हा विषय दूरचा वाटतो. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील ३५.७ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती आणि १९ टक्के मुले उंचीच्या मानाने रोड. म्हणजे दर पाच मुलांतले जवळजवळ एक. माझी पहिली ग्रामीण नेमणूक झाबुआ जिल्ह्यात होती. बाजाराच्या दिवशी शाखेत पैसे काढायला आलेल्या बायकांच्या कडेवरची मुले मला आठवतात. दीड-दोन वर्षांची मुले वर्षाच्या मुलाएवढी दिसत आणि रडतही नसत. तेव्हा वाटायचे, किती शहाणी मुले आहेत. न रडणे हेदेखील कुपोषणाचे लक्षण असते, हे मला आत्ता, साठी उलटल्यावर, डॉक्टरांनी सांगितले.

कुपोषण म्हणजे अन्न कमी पडणे, एवढेच मी समजत होतो. प्रत्यक्षात ते एक दुष्टचक्र आहे. अन्न कमी पडले की शरीराची रोगाशी लढण्याची ताकद घटते, मग जुलाब, न्यूमोनिया, गोवर होतात, त्यात भूक मरते आणि खाल्लेले अंगी लागत नाही, की कुपोषण आणखी वाढते. नेव्हिन स्क्रिमशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात हे नाते सविस्तर मांडले. कर्ज फेडायला पुन्हा कर्ज काढणाऱ्या खातेदारासारखी ही अवस्था असते. दर महिन्याला देणे वाढत जाते आणि उत्पन्न घटत जाते.

या चक्राचा आस आतड्यात आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नरस शोषायचे काम तेच करतात. कुपोषणात आणि वारंवारच्या जुलाबांत ही मखमल झिजते. उंचवटे बुटके होतात, त्यांच्यावरच्या पेशींमधले सांधे सैल पडतात, आणि एरवी आतड्यातच राहिले असते असे जंतू व त्यांचे विषारी अंश आत झिरपतात. शरीर सतत धुमसत राहते. घाणेरडे पाणी आणि उघड्यावरचा शौच असलेल्या वस्त्यांत तर जुलाब न होताही आतड्याची ही अवस्था होते. म्हणून अशा मुलाला नुसते जास्त जेवण वाढले तरी वजन म्हणावे तसे वाढत नाही.

याच आतड्याच्या भिंतीत शरीराच्या संरक्षण दलाची सगळ्यात मोठी छावणी आहे. तिथल्या पेशी 'आयजीए' नावाचे प्रतिद्रव्य तयार करतात. ते आतड्याच्या आतल्या चिकट थरात पसरते आणि जंतूंना भिंतीला चिकटू देत नाही. कुपोषणात या पेशी कमी होतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. संरक्षण दलातल्या 'टी' पेशींचे प्रशिक्षण तिथे होते. तीव्र कुपोषित मुलात ही ग्रंथी आक्रसून जाते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आतड्यात कायम वस्तीला असलेले अब्जावधी जिवाणू. वयाबरोबर या वस्तीची घडण बदलत जाते, प्रौढ होत जाते. बांगलादेशातल्या तीव्र कुपोषित मुलांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या मुलांमधली जिवाणूंची वस्ती त्यांच्या वयापेक्षा लहान बाळासारखी, अपरिपक्व आढळली. उपचारांनी वजन सुधारले तरी ही वस्ती पूर्णपणे वयाला साजेशी झाली नाही.

इथे दह्याचा प्रवेश होतो.

दूध आंबते म्हणजे काय होते, हे आपल्या आया-आज्या शास्त्र न शिकता जाणत होत्या. कोमट दुधात विरजण घातले (इथे इंदुरात आपल्या घरांतही आता 'जामन' म्हणतात) की त्यातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊ लागतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लामुळे दूध घट्ट होते आणि रोगजंतूंना त्यात वाढणे अवघड जाते. लॅक्टोजचा काही भाग आधीच खर्च झालेला असतो. उरलेला पचवायला लागणारे पाचक द्रव्य दह्यातल्या जिवाणूंकडे असते आणि ते आपल्या पोटात जाऊनही काम करते. ही गोष्ट कुपोषित मुलासाठी फार मोलाची आहे. लॅक्टोज पचवणारे आपले स्वतःचे पाचक द्रव्य त्या मखमलीच्या अगदी टोकाशी असते, म्हणजे मखमल झिजली की सगळ्यांत आधी तेच जाते. मग दूध दिले की पोट फुगते आणि जुलाब वाढतात. तेच दूध दही होऊन आले तर पुष्कळदा पचते.

ही आजीबाईच्या बटव्यातली गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेची बालआजारांच्या व्यवस्थापनाची जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात चौदा दिवस किंवा त्याहून अधिक चाललेल्या जुलाबांसाठी स्पष्ट सल्ला आहे. मूल वरचे दूध पीत असेल तर त्याऐवजी अंगावरचे दूध वाढवा, किंवा वरच्या दुधाऐवजी दह्यासारखे आंबवलेले पदार्थ द्या. युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१० मध्ये प्रोबायोटिक पदार्थांचे बहुतेक दावे पुराव्याअभावी नाकारले, पण दह्यातल्या जिवंत जिवाणूंमुळे लॅक्टोज पचायला मदत होते हा दावा मान्य केला. अट एकच घातली, दर ग्रॅममध्ये किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत. आपल्याकडे मात्र मुलाला जुलाब लागले किंवा ताप आला की अनेक घरांत सगळ्यांत आधी दही बंद होते. माझ्या घरीही व्हायचे. "सर्दी होईल" हे कारण. डॉक्टर म्हणाले, ताजे दही बंद करायला काहीच कारण नाही, उलट त्या दिवसांत मूल जे खाते तेच आपण काढून घेतो.

आता 'प्रोबायोटिक' या शब्दाकडे वळू. ही कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले एली मेचनिकॉफ यांना प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चे नोबेल विभागून मिळाले. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात ते आंबवलेल्या दुधामुळे, असे त्यांचे मत होते. १९१९ मध्ये बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी पोटाच्या विकारांनी त्रस्त मुलांसाठी दही बनवून औषधांच्या दुकानांतून विकायला सुरुवात केली. पुढे तीच जगातली एक बलाढ्य दुग्ध कंपनी झाली. म्हणजे मुलांचे पोट आणि दह्याचा व्यापार यांचे नाते शंभर वर्षांचे आहे.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी व्याख्या ठरवली: पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. या व्याख्येत तीन अटी दडलेल्या आहेत. जीव जिवंत हवा, पुरेसा हवा आणि फायदा सिद्ध झालेला हवा. शिवाय फायदा सिद्ध होतो तो विशिष्ट वाणाचा. गव्हाच्या एका वाणाचे उत्पन्न दुसऱ्या वाणाच्या नावावर दाखवता येत नाही, तसेच हे. घरच्या दह्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात, पण ते कोणते हे घराघरांत आणि ऋतुमानानुसार बदलते. म्हणून शास्त्राच्या काटेकोर भाषेत त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत. याचा अर्थ ते निरुपयोगी आहे असा नाही. त्याचा दाखला कोणी काढलेला नाही, एवढाच.

दाखले काढण्याचे सगळ्यांत चिकाटीचे काम झाले आहे आर्जेंटिनात. तिथल्या तुकुमान या प्रांतात 'सेरेला' नावाची, दह्यातल्यासारख्या लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास करणारी संशोधन संस्था आहे. गॅब्रिएला पेर्डिगॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अनेक वर्षे उंदरांवर प्रयोग केले. उंदरांना आधी कमी खायला घालून कुपोषित करायचे, मग काहींना साध्या दुधावर आणि काहींना दह्यावर किंवा प्रोबायोटिक आंबवलेल्या दुधावर सावरायचे आणि आतडी तपासायची. जिवंत जिवाणू असलेल्या आंबवलेल्या दुधावर सावरलेल्या उंदरांच्या आतड्यात आयजीए बनवणाऱ्या पेशी वाढल्या आणि जंतू गिळणाऱ्या पेशी अधिक सक्रिय झाल्या. आक्रसलेली थायमस ग्रंथीही सावरू लागली. जिवाणू आतड्याच्या भिंतीतल्या पेशींना स्पर्श करतात आणि त्या पेशी आतल्या छावणीला जागे करतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. मला हे वाचताना खरेच आनंद झाला. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यातल्या एका निबंधाच्या शीर्षकातच लिहिले आहे की हे कुपोषण 'तीव्र नसलेले' होते. आणि उंदीर तो उंदीरच.

याच संस्थेने पुढे एक पाऊल टाकले. बकरीच्या दुधातून मिळालेला लॅक्टोबॅसिलस रॅम्नोससचा एक वाण वापरून 'योगुरितो' नावाचे दही तयार केले आणि २००८ पासून तुकुमानच्या शाळांत ते मुलांना सरकारी योजनेतून मिळू लागले. श्वसनाचे आणि पोटाचे संसर्ग कमी झाल्याचे त्यांचे निष्कर्ष आहेत. आपल्या मध्यान्ह भोजनासारखीच ही योजना आहे, आणि दूध तिथल्याच शेतकऱ्यांचे.

आपल्या देशातलेही दोन मोठे प्रयोग पाहण्यासारखे आहेत. कोलकात्याच्या एका झोपडपट्टीत १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांना बारा आठवडे रोज जपानी पद्धतीचे प्रोबायोटिक पेय किंवा तसेच दिसणारे साधे पेय दिले. २०११ मध्ये निष्कर्ष आले: प्रोबायोटिक घेणाऱ्या मुलांत जुलाबाचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. चांगले आहे, पण शंभर आजारांतले चौदा टळले आणि शहाऐंशी झालेच, हेही त्याच आकड्यात आहे.

दुसरा प्रयोग ओडिशातला, २०१७ चा. खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांपैकी निम्म्यांना जन्मानंतर सात दिवस एक निवडक जिवाणू आणि त्याचे खाद्य असलेली पूड दिली. पहिल्या साठ दिवसांत रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण साध्या पुडीच्या गटात ९ टक्के होते, ते जिवाणूच्या गटात ५.४ टक्क्यांवर आले. ही फार मोठी घट आहे. मात्र ही बाळे अंगावर पिणारी, चांगल्या वजनाची होती, आणि दिले ते औषधासारखे तपासलेले होते. हा आकडा वाचून कोणी नवजात बाळाला दही चाटवू नये, म्हणून मुद्दाम सांगतो. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. त्यात बाळाला पचत नाहीत अशा काही शर्करा असतात. त्या कोणासाठी, तर बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठी.

या पार्श्वभूमीवर, ज्यांना सगळ्यांत जास्त गरज आहे त्या तीव्र कुपोषित मुलांचे काय? इथे माझा उत्साह जरा उतरला. आफ्रिकेतल्या मलावीत, ब्लँटायर शहरातल्या रुग्णालयात, २००६-०७ मध्ये ७९५ तीव्र कुपोषित मुलांवर प्रयोग झाला. सगळ्यांना उपचाराचा पौष्टिक आहार दिला. निम्म्यांच्या आहारात जिवाणू आणि त्यांचे खाद्य मिसळले. जिवाणू मिळालेल्यांपैकी ५३.९ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ५१.३ टक्के मुले बरी झाली. हा फरक जवळजवळ नाहीच. नंतर युगांडात ४०० तीव्र कुपोषित मुलांवर दोन वेगळे वाण वापरून पाहिले. रुग्णालयात असताना जुलाबाचे दिवस कमी झाले नाहीत. घरी गेल्यानंतरच्या काळात मात्र सरासरी दोन दिवसांनी कमी झाले.

मला यातून जे उमगले ते असे. मूल अगदी खोल गेलेले असते तेव्हा जिवाणू काही करू शकत नाहीत. त्या वेळी प्रतिजैविके, उबदारपणा, मोजूनमापून दिलेला आहार हेच वाचवते. मूल सावरू लागले, घरी गेले, पुन्हा त्याच पाण्याला आणि त्याच अंगणाला सामोरे गेले, की तिथे दह्यासारख्या गोष्टीला काम उरते. खूप अशक्त मुलात जिवंत जिवाणूंची पूड क्वचित अपायही करू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत तसा इशारा दिला.

आणखी एक हिशेब मी मांडला. तो मांडल्यावर बाटल्यांचा प्रश्न माझ्यापुरता सुटला. तीव्र कुपोषणातून सावरणाऱ्या मुलाला दर किलो वजनामागे रोज १५० ते २२० कॅलरी लागतात. मूल सात किलोचे धरले तर १,०५० ते १,५४० कॅलरी. वाटीभर, म्हणजे १०० ग्रॅम, घरच्या दह्यात सुमारे ६० कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रथिने असतात. बाजारातल्या छोट्या बाटलीत साधारण ५० कॅलरी, त्याही बऱ्याचशा साखरेच्या. म्हणजे मुद्दलाचा पत्ता नाही आणि आपण व्याजाच्या दरावर चर्चा करतो आहोत. त्याच वाटीभर दह्यात वाटीभर मऊ भात कालवला, चमचाभर तेल आणि दोन चमचे शेंगदाण्याचे बारीक कूट घातले तर तो घास तीनशे कॅलरींच्या वर जातो. दह्यामुळे तो पचायला सोपा होतो, आणि मूल तो खाते. दही हे या घासातले वंगण आहे.

शेंगदाण्यावरून आठवले. ढाक्यातल्या मीरपूर वस्तीत १२ ते १८ महिन्यांच्या मध्यम कुपोषित मुलांवर झालेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बाहेरचे जिवाणू दिलेच नाहीत. मुलांच्या आतड्यातल्या त्यांच्याच जिवाणूंना आवडेल असे खाद्य दिले. हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्चे केळे यांचे मिश्रण. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा त्यात कॅलरी काहीशा कमी होत्या, तरी मुलांची वाढ अधिक चांगली झाली. मुले थोडी होती, सव्वाशेच्या आसपास, त्यामुळे घाईने निष्कर्ष नको. पण या चारही वस्तू मालवा मिलच्या बाजारात मिळतात, आणि एकीलाही फ्रिज लागत नाही.

फ्रिजचा मुद्दा मी बैठकीत मांडणार आहे. जिवंत जिवाणूंच्या बाटल्या थंड ठेवाव्या लागतात. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या उन्हात, दुपारी वीज नसलेल्या अंगणवाडीत त्या किती जिवंत राहतील? कढी केली की दह्यातले जिवाणू मरतात, हे खरे, पण प्रथिने आणि कॅल्शियम तरी राहतात. तापलेल्या बाटलीत उरते साखरपाणी. घरी लावलेल्या दह्याच्याही अटी आहेतच. दूध नीट उकळलेले हवे, भांडे स्वच्छ हवे, विरजण ताजे हवे, आणि दही त्याच दिवशी संपवायला हवे. चार दिवसांचे आंबट ढाण दही मूल खात नाही. त्यात साखर ओतून गोड करायची वेळ येऊ देऊ नये.

हे सगळे मुलांपुरतेच आहे असेही नाही. आपल्या मंडळात एकटे राहणारे ज्येष्ठ किती आहेत ते यादी पाहिली की कळते. सकाळी चहा-टोस्ट, रात्री दूध-पोळीचा काला, मध्ये काहीतरी. दूध पचत नाही म्हणून काहींनी तेही सोडलेले. त्यांना जेवणाबरोबर वाटीभर दही किंवा दाट ताक सोसेल, आणि त्यांच्या बाबतीतही प्रश्न आधी पोटभर जेवणाचा आणि मग जिवाणूंचा आहे.

पुढच्या बैठकीत माझा प्रस्ताव असा राहील. बाटल्या नकोत. अंगणवाडी सेविकेशी आणि तिथल्या आयांशी बोलून आठवड्यातून काही दिवस ताजे दही आणि रोज शेंगदाणे-फुटाण्याचे कूट, तेल असा शिधा द्यावा. दही जवळच्या दूधवाल्याकडून सकाळी लावून घ्यावे, आपल्यापैकी कोणीतरी पाळीपाळीने जाऊन पाहावे. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी सेविकेकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या ज्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, पट्टीवर लाल, किंवा ज्याच्या दोन्ही पायांवर सूज, त्याला आपण काहीही खाऊ घालण्याच्या भरीला पडू नये. अशा मुलाला एकदम भरपूर खायला घातले तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचे. तिथे साधारण १४ दिवस राहावे लागते, आईची मजुरी बुडते, घरची दुसरी मुले कोण सांभाळणार हा प्रश्न असतो, आणि म्हणून पुष्कळ आया नकार देतात. शिल्लक रकमेतला निम्मा भाग मी या आयांच्या जाण-येण्यासाठी आणि घरच्या मुलांच्या जेवणासाठी बाजूला ठेवा असे म्हणणार आहे. आकडे तयार आहेत. ज्यांना बैठकीपूर्वी पाहायचे असतील त्यांनी संध्याकाळी सहानंतर मंडळाच्या कार्यालयात यावे, आणि ज्या काकूंनी घरच्या दह्याचा प्रश्न विचारला होता त्यांनी तर जरूर यावे.